ठकूआत्याचे साडेपाच महिने

ज्वारी हुरड्यात आली की बीडच्या बाहेर कुठल्याही रस्त्याला संध्याकाळी एक वास असतो. गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या कणसांचा, थोडा हिरवा, थोडा करपट. मी नोकरी करते त्या कॉलेजातल्या लोकांचं या दिवसांत सारखं ठरत असतं, या आठवड्यात कुणाच्या शेतात, पुढच्या आठवड्यात कुणाच्या. मीही जाते. हातावर चोळलेला गरम हुरडा फुंकर मारून तोंडात टाकते, सगळ्यांबरोबर हसते. पण हे दिवस माझ्या अंगावर येतात. सतरा वर्षं झाली, तरी येतात. याच दिवसांत माझी ठकूआत्या गेली, आणि साडेपाच महिने मला ते कुणी सांगितलं नाही.

यंदा हुरडा आला तेव्हा आमच्या घरात लुआना होती. दक्षिण ब्राझीलमधल्या एका लहान गावातली सतरा वर्षांची मुलगी. परदेशी विद्यार्थ्यांना वर्षभर आपल्याकडच्या घरांमध्ये ठेवणारी एक संस्था आहे, तिच्यामार्फत आलेली. मी आणि माझा नवरा विलास, आमच्या दोघांच्या घरात गच्चीवरची खोली रिकामीच होती. संस्थेच्या लोकांनी विचारलं तेव्हा विलास म्हणाला, "तू गेलतीस ना अशीच? मग ये म्हण तिला." मी हो म्हटलं. लुआना मला ताई म्हणायला लागली, महिन्याभरात 'लई' आणि 'न्हाई' शिकली, भाकरी थापताना हातभर पीठ उडवायला लागली. तिच्या आजोबांना ती वोवो म्हणायची. तिला त्यांनीच वाढवलेलं. ते अॅकॉर्डियन दुरुस्त करायचे, आणि फोनवर तिला आवाजाचे निरोप पाठवायचे. दोन मिनिटं बोलणं, मग एखादी धून, मग खोकल्यासारखं हसू. ती ते निरोप जेवताना मोठ्यानं लावायची. आम्हाला एक अक्षर कळायचं नाही, पण त्या हसण्यावर विलासही हसायचा.

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही तिला लिंबागणेशला नेलं. गणपतीचं दर्शन घेतलं, आणि तिथल्याच एका ओळखीच्यांच्या शेतात हुरडा खाल्ला. तिला कणीस चोळायला जमत नव्हतं, तळहात लाल झाले, तरी ती उठेना. परत येताना गाडीत ती गात होती.

रविवारी सकाळी तिच्या वडिलांचा मला निरोप आला. आजोबा शनिवारी गेले. आठवडाभर दवाखान्यात होते, लुआनाला फक्त थोडा ताप आहे एवढंच सांगितलेलं. दफन लगेच दुसऱ्या दिवशी, ती कशीही पोचू शकणार नव्हती. 'तिचे सहा आठवडे उरले आहेत,' त्यांनी लिहिलं होतं. 'ते तिला आनंदात जाऊ देत. आम्ही सगळ्या नातेवाइकांना सांगितलं आहे, कुणी फोनवर काही टाकणार नाही. ती आली की आम्ही जवळ बसवून सांगू. कृपा करून तुम्ही काही बोलू नका.'

मी तो निरोप स्वयंपाकघरात उभ्यानं वाचला. वर गच्चीवर लुआना केस वाळवत होती. मी फोन पालथा ठेवला आणि चहाचं आधण ठेवलं. आधण उकळून आटत आलं तरी मला कळलं नाही.

आमची वस्ती आष्टीच्या अलीकडं, माळावर. आम्ही धनगर. अण्णांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं, शंभराच्या आत-बाहेर मेंढरं आणि वीसेक शेरडं. ठकूआत्या अण्णांची थोरली बहीण. लग्न करून नांदायला गेली आणि दोन वर्षांत परत आली. कावून, म्हणजे का आली, ते आमच्या घरात कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. शेरडं तिच्याकडं आणि मी तिच्याकडं. माय मेंढरांमागं अण्णांबरोबर रानोमाळ जायची, तेव्हा मी आत्याच्या घोंगडीत झोपायचे. ती चालता चालता टकळीवर लोकर कातायची. मान खाली न घालता, सूत न तोडता, शेरडांवर नजर ठेवून. तिच्या हातांना कायम लोकरीचा तेलकट वास असायचा. शाळेत माझ्या वह्यांना तो वास येतो म्हणून मुली नाक मुरडायच्या. मी घरी येऊन आत्याशी भांडायचे. ती म्हणायची, "आता चुलीपाशी ठिव त्या, धुराचा वास यील." आणि खरंच ठेवायची.

मी निवासी शाळेत होते, हुशार होते. तिथल्या एका सरांनी हौसेनं अशाच एका संस्थेकडं माझा अर्ज भरला, आणि सोळाव्या वर्षी मी एका वर्षासाठी डेन्मार्कला निघाले. भावकीत लोक हसले. "पोरीला तिकडं धाडून मेंढ्याच वळायच्यात का?" असं एक चुलते म्हणाले. गंमत म्हणजे मला ज्या घरी ठेवलं त्या घरी मेंढ्याच होत्या. संस्थेनं माझ्या अर्जात मेंढपाळ वाचून मुद्दाम तिथं पाठवलं असावं.

इंगर आणि येन्स, दोघंही साठीच्या जवळचे. मुलं मोठी होऊन शहरात गेलेली. घर समुद्राकाठी, पण समुद्र दिसायचा नाही. मधे मातीचा उंच बांध होता, पाणी आत येऊ नये म्हणून घातलेला, आणि त्या बांधाच्या गवतावर मेंढ्या चरायच्या. पलीकडं पवनचक्क्या. त्या वर्षी आमच्या माळावरही पवनचक्क्या उभ्या राहत होत्या, त्यामुळं मला ते सगळं एकदम परकं वाटलं नाही. परका होता तो अंधार. डिसेंबरात दुपारी चार वाजता दिवस मावळायचा. इंगर खिडकीत मेणबत्त्या लावायची आणि काळ्या पावावर लोण्याचा थर देऊन माझ्यासमोर ठेवायची. ती फार बोलायची नाही. तिला खोटं बोलता यायचं नाही, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. माझा स्वेटर चांगला दिसतो का विचारलं तर ती म्हणायची, "नाही. पण गरम आहे."

दर रविवारी दुपारी इंगर मला अण्णांचा नंबर लावून द्यायची. आपल्याकडं तेव्हा साडेचार वाजलेले असायचे. वस्तीवर रेंज नव्हती, म्हणून अण्णा मोबाइल घेऊन टेकाडावर जायचे. वाऱ्याच्या आवाजातच सगळं बोलणं. जेवलीस का, थंडी हाय का, आभ्यास कर. माय यायची, रडायची, जायची. आत्या मात्र फोनवर कधी बोललीच नाही. तिला लाज वाटायची. अण्णांनी फोन कानाला लावला तरी ती नुसती ऐकायची आणि परत द्यायची. मग मी अण्णांनाच विचारायचे, "आत्या कुठंय?" आणि अण्णा म्हणायचे, "हितंच हाय की. शेरडं वळवाय गेलीय खाली."

जानेवारीतही तेच म्हणायचे. फेब्रुवारीतही. मार्चमध्येही.

आणि मी तिला ऐकायचे. हे मी शपथेवर सांगेन. फोनमधून, वाऱ्याच्या मागून, दुरून तिची हाळी यायची. शेरडांना बोलवायची तिची एक वेगळीच तऱ्हा होती, जिभेचा शेंडा हलवून "हिर्रर्र" आणि शेवटी आवाज वर नेऊन तोडायचा. ते कुणालाच जमायचं नाही. मी हसून म्हणायचे, "अण्णा, ऐकू आली मला ती. सांगा तिला." अण्णा म्हणायचे, "सांगतो."

इंगरला कळलं होतं. आत्या गेल्यावर चार-पाच दिवसांतच. अण्णांनी शाळेतल्या सरांना सांगितलं, सरांनी संस्थेला लिहिलं, संस्थेनं इंगरला. सोबत अण्णांची विनंती, की पोरीला कळू देऊ नका. हे मला फार नंतर समजलं. पण त्या दिवसांतलं एक एक आता मागं वळून बघते तेव्हा इंगर मला दारात उभी दिसते. शाळेची बस दिसेनाशी होईपर्यंत उभी. आधी ती तशी थांबायची नाही. एका दुपारी ती मला गावातल्या चर्चमध्ये घेऊन गेली. रविवार नव्हता, आत कुणीच नव्हतं. लोखंडी गोलावर छोट्या मेणबत्त्या होत्या. ती म्हणाली, "एक लाव."

"कुणासाठी?"

"जे तुला आवडतं त्यांच्यासाठी."

मी खूप विचार केला आणि आत्याची कबरी शेळी गाभण होती, ती नीट सुटावी म्हणून मेणबत्ती लावली. इंगरला तसं सांगितलंही. ती मेणबत्तीकडं बघत राहिली. परतताना तिनं माझा हात धरला. त्या देशात लोक असा हात धरत नाहीत.

मग मेंढ्या व्यायचा हंगाम आला. मी जन्मल्यापासून मेंढ्या व्यालेल्या बघत होते, पण तिथं ते एका मोठ्या गोठ्यात, दिव्यांखाली, पेंढ्यावर चालायचं. मार्च महिना सगळा आम्ही तिघं गोठ्यातच असल्यासारखे होतो. येन्स थकून पेंढ्यावरच डुलकी काढायचा. एकदा एका मेंढीचं कोकरू मेलं, आणि त्याच सकाळी दुसरी मेंढी तीन कोकरांना जन्म देऊन बसली, तिला तिघांना पुरेल एवढं दूध नव्हतं. येन्सनं मेलेल्या कोकराचं कातडं सोलून काढलं आणि तिघांतल्या एकाच्या अंगावर सदऱ्यासारखं चढवलं. मग ते पोर पहिलीसमोर नेऊन ठेवलं. तिनं हुंगलं, थोडी मागं सरली, पुन्हा हुंगलं, आणि उभी राहून पाजायला लागली.

मी इंगरला म्हणाले, "आमच्याकडं म्हशीचं वासरू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यासमोर ठेवतात. मग ती पान्हा सोडते."

इंगरनं विचारलं, "तिला कधी कळतं?"

"कळत असेल," मी म्हणाले. "पण दूध देते."

इंगर उठून गोठ्याबाहेर गेली. मला वाटलं तिला कातड्याचा वास सहन झाला नाही.

त्याच दिवसांत मी तिच्याकडून विणायला शिकले. आत्या पहाटे शेरडांमागं जाते, तिचे कान थंडीनं दुखतात, तिच्यासाठी कानटोपी करायची होती. इंगरनं लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवसांनी तिनं घरच्याच मेंढ्यांची राखाडी लोकर आणि सुया आणून माझ्या मांडीवर ठेवल्या. गोठ्यात वाट बघत बसलेलो असताना ती शिकवायची. माझी वीण वाकडी जायची. ती शांतपणे म्हणायची, "हे नीट नाही," आणि सगळी उसवायची. तीन वेळा उसवली. मी चिडले, म्हटलं आत्याला चालेल वाकडी. ती म्हणाली, "नाही. नीट झाली पाहिजे."

टोपी झाली तेव्हा मी ती इंगरच्या डोक्यावर घालून बघितली, कारण आत्याचं डोकं साधारण तेवढंच होतं. तिनं ती घालू दिली. क्षणभर तशीच बसली, डोळे मिटून. मग काढली, घडी केली आणि माझ्या हातात दिली.

जूनच्या शेवटी मी परत आले. पुण्याहून अण्णा आणि सर मला जीपमधून घेऊन निघाले. मी रस्ताभर बोलत होते. समुद्र, बांध, मेंढ्या, टोपी. अण्णा पुढं बसले होते, मला त्यांची मान तेवढी दिसत होती. वस्तीवर पोचले तर घरात कुणी नव्हतं. मी विचारलं, "माय कुठंय? आत्या?"

अण्णा म्हणाले, "शेरडांमागं गेल्यात."

मला नवल वाटलं. वर्षानं लेक घरी येतेय आणि दोघीही रानात. पण मी टोपी घेऊन उंबऱ्यात बसले. दिवस कलला तशी टेकाडामागून हाळी आली. "हिर्रर्र", आणि शेवटी तुटलेली. मी उठून धावले. उताराला शेरडं दिसली, सगळ्यांत पुढं कबरी आणि तिचं चांगलं मोठं झालेलं पिल्लू. मागून डोक्यावरून पदर घेतलेली बाई येत होती, हातात आत्याची काठी. मी हाक मारली. तिनं मान वर केली.

ती माय होती.

मला बघून ती पायवाटेवरच खाली बसली. शेरडं तिच्या दोन्ही बाजूंनी पुढं गेली. "त्यांना दुसऱ्या हाळीची सवं न्हाई ना," ती म्हणाली. "हालतच न्हवती जागची. म्हणून मी शिकले बाई. लई दिस लागलं शिकाया." एवढंच म्हणाली. मला सगळं कळलं.

मला नंतर बरेच दिवस एक खोड लागली. मोजायची. आत्या शुक्रवारी गेली. त्या शुक्रवारी मी काय करत होते? शाळेत बर्फात खेळलो होतो, मी दोनदा पडले, त्याचा फोटो आहे. तिची माती झाली तेव्हा मी काय करत होते? दहाव्याला? साडेपाच महिन्यांतला एक एक दिवस मी असा काढून बघत होते आणि प्रत्येक दिवशी मी हसत होते. त्या दिवसांचं काय करायचं ते मला आजही कळत नाही. माळावर ती नव्हती, आणि त्या समुद्राकाठच्या घरात होती. तिच्यासाठी मी टोपी विणत होते, तिला सांगायच्या गोष्टी डोक्यात रचत होते. कधी कधी वाटतं ती खरोखर तिथंच कुठं राहिली असेल, त्या गोठ्यात, कारण तिला गेल्याचं तिथं कुणी सांगितलंच नाही.

राग मी अण्णांवर धरू शकले नाही. त्यांचं कारण मला ठाऊक होतं. मी परत आले असते तर भावकीनं मला पुन्हा जाऊ दिलं नसतं, कदाचित शाळाही सुटली असती. घरच्या माणसावर राग धरला तर तो रोज ताटात वाढून घ्यावा लागतो. म्हणून मी तो लांबच्या माणसावर धरला. इंगरवर. जिला खोटं बोलता येत नाही असं मी समजत होते तिच्यावर. तिची तीन पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या पत्रात तिनं लिहिलं होतं, 'तुला सांगायची परवानगी मी तुझ्या घरच्यांकडं तीनदा मागितली. मला ती मागायलाच नको होती.' त्याचंही उत्तर दिलं नाही. मग मी कॉलेजात गेले, मग नोकरी, मग लग्न. दर वर्षी वाटायचं, यंदा लिहू. काही वर्षांपूर्वी येन्सचं कार्ड आलं, वाकड्या अक्षरात दोन ओळी. इंगर गेली होती.

ती टोपी अण्णा घालतात. मी दिली नव्हती, त्यांनीच ट्रंकेतून काढून घेतली. दर थंडीत घालतात. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

तर यंदाच्या त्या रविवारी, आटलेलं आधण ओतून देऊन मी पुन्हा पाणी ठेवलं, आणि इंगर झाले. मला वाटलं होतं तितकं ते अवघड नव्हतं, आणि हेच भयंकर होतं. माणूस भाजी चिरतो, कपडे वाळत घालतो, मुलीला बसपर्यंत सोडतो. लुआना माझ्यापुढं ताट घेऊन बसली की मी तिच्याकडं बघत राहायचे. एकदा ती म्हणाली, "ताई, मी खाते तेव्हा तुम्ही का बघता?" मी म्हटलं, "भाकरी आवडली का बघतेय." "लई भारी," ती म्हणाली.

सोमवारी आम्ही बाजारात गेलो. मंगळवारी संध्याकाळी तिनं जेवताना फोन काढला आणि वोवोंचा जुना निरोप लावला. त्यांना ताप आहे म्हणून नवा आला नव्हता, आणि तिला त्यांची आठवण झाली होती. स्वयंपाकघर त्या आवाजानं भरून गेलं. दोन मिनिटं बोलणं, मग धून, मग ते हसू. विलासला मी सांगितलं होतं. तो ताटावरून उठला, हात न धुताच बाहेर गेला. मी आमटी वाढत राहिले. माझ्या हातातली पळी जराही कापली नाही, हे बघून मला माझीच भीती वाटली.

त्याच संध्याकाळी मी लुआनाच्या वडिलांना लिहिलं. लिहिलं की तुम्ही सांगा, मी तिच्याजवळ बसते. उद्या दुपारपर्यंत मी वाट बघते, मग मी सांगेन. त्यांचं उत्तर आलं नाही. तिच्या आईचं आलं. 'नको. कृपा करा.' तेवढंच.

बुधवारी दुपारी गच्चीवर आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. ऊन होतं. मी म्हटलं, "लुआना, वोवो गेले."

ती पहिल्यांदा हसली, तिला वाटलं मला शब्द चुकला. मग माझा चेहरा बघून थांबली.

"कधी?"

"शनिवारी."

"शनिवारी आपण गणपतीला गेलो होतो."

"हो."

"तुम्हाला कधी कळलं?"

"रविवारी सकाळी."

तिनं हातातली शेंग सोलून संपवली. दाणे भांड्यात टाकले. "रविवारी मी केस धुतले," ती म्हणाली. "सोमवारी बांगड्या घेतल्या. काल मी त्यांचा आवाज लावला होता. तुम्ही समोर होता, ताई. तुम्ही मला आमटी वाढली."

"हो," मी म्हणाले.

"बाबांनी सांगू नका म्हटलं असेल."

"हो."

"मग का सांगितलं? मी इथून काय करणार आहे आता?" ती उठली. भांडं तिच्या पायानं कलंडलं, दाणे पसरले. ती खोलीत गेली आणि दार लावलं. मी तिथंच बसले. मला वाटत होतं की मी सांगेन आणि काहीतरी सुटेल, तिचं आणि माझंही. तसं काही झालं नाही. तिला चार दिवस लपवल्याचाही राग होता आणि सांगितल्याचाही, आणि दोन्ही रागांना जागा होती.

थोड्या वेळानं आतून बोलणं ऐकू यायला लागलं. तिनं वडिलांना फोन लावला होता. आधी ती ओरडली. मग फोनमधून एका पुरुषाचं रडणं ऐकू आलं, दाराबाहेर बसलेल्या मलाही ऐकू येईल इतकं मोठं, आडवंतिडवं. आणि मग लुआनाचा आवाज बदलला. मला तिची भाषा येत नाही. पण लहान लेकराला थोपटताना आपण जो सूर लावतो तो कुठल्याही भाषेत ओळखू येतो. ती तेच तेच दोन-तीन शब्द हळू आवाजात म्हणत होती. सतरा वर्षांची पोर आपल्या बापाची समजूत काढत होती. त्याचा बाप मेला होता.

मी गच्चीवर सांडलेले दाणे वेचत होते, आणि वेचता वेचता माझा हात थांबला. इतकी वर्षं मी म्हणत आले होते, माझी आत्या. माझी आत्या गेली, माझ्यापासून लपवलं, माझे साडेपाच महिने. ती अण्णांची बहीण होती. सख्खी, थोरली. तिला मातीत ठेवून तिसऱ्या दिवशी तो माणूस टेकाडावर चढून मला विचारत होता, जेवलीस का. आणि मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं म्हणून. पण नंतरच्या सतरा वर्षांत?

लुआना दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी खाली आली आणि स्वतःच चहा करून घेतला. संस्थेच्या माणसानं मला फोन करून बरंच सुनावलं, ते मी ऐकून घेतलं. तिला दुसऱ्या घरी हलवायचं का, असं त्यांनी तिला विचारलं. ती न्हाई म्हणाली. आता तिचे दोन आठवडे उरलेत. मला अजून ताई म्हणते, पण जेवताना माझ्याकडं बघत नाही. रोज संध्याकाळी वडिलांशी बोलते, दार उघडं ठेवून.

गेल्या रविवारी मी अण्णांना फोन लावला. आता वस्तीवर रेंज आहे, टेकाडावर जावं लागत नाही. म्हटलं, "अण्णा, जेवलात का?"

"जेवलो की. तू?"

"अण्णा, ठकूआत्या गेली त्या दिवशी काय झालं ते मला कधी सांगितलं न्हाई तुमी."

फोनमधून शेरडांचा आवाज यायला लागला. अण्णा उठून बाहेर आले असावेत.

"आता कावून काढती ते," अण्णा म्हणाले.

"तुमची बहीण व्हती. मी कधी विचारलंच न्हाई."

"तू लांब व्हतीस."

"आता न्हाई."

मग ते म्हणाले, "तुझा फोन यायचा तवा तू हसायचीस. घरात कुणीच हसत न्हवतं गं. म्हणलं एक तरी माणूस हसतंय, ऱ्हाऊ दी. लई दिस ऱ्हाऊ दिलं." त्यांचा आवाज फुटला. अण्णांना मी कधी रडताना ऐकलं नव्हतं. लुआना जे दोन-तीन शब्द म्हणत होती ते मला येत नव्हते, आणि आपले कुठले म्हणावेत तेही सुचेना. मी म्हटलं, "अण्णा, मी हाय. बोला."

ते त्या शुक्रवारचं बोललेच नाहीत. कुठंतरी फार मागं गेले. ते पाच-सहा वर्षांचे असताना मेंढरं आणि बिऱ्हाडं घेऊन दूर चराईला निघालेला वाडा, पाय सोललेले, आणि ठकूनं त्यांना पाठीवर घेतलेलं. ती स्वतः दहाची असेल. वाटेत नदी आली, पाणी छातीपर्यंत. थोरली माणसं पुढं निघून गेलेली, हाक पोचेना.

"मग?" मी म्हणाले.

"मग काय, ती म्हणली, डोळं झाक आन् माझं केस धर घट. मी धरलं."

"मग?"

"सांगतो," अण्णा म्हणाले. "जरा पानी पिऊ दी."